साडूभाऊ आणि ज्वारीचं मेण

आमच्या थोरल्या साडूंइतका हुशार आणि तितकाच बिनकामाचा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. हे मी जळून म्हणत नाही. म्हणजे थोडं जळूनच म्हणतो, पण खरं म्हणतो. ते जालन्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि मी जाफराबादला बी-बियाण्याचं, फवारणीच्या औषधांचं दुकान चालवतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, सासुरवाडी केदारखेड्याजवळच्या एका लहानशा गावात. सासऱ्यांनी लग्नात दोन्ही जावयांना सारख्याच अंगठ्या घातल्या, पण मान काही सारखा दिला नाही. मी गेलो की, "आले का? बसा." साडू आले की ओसरीवर सतरंजी. का, तर ते संशोधन करतात. कशाचं, तर मेणाच्या वजनाचं. किलोनं नाही, तोळ्यानंही नाही. मेणाचा जो कण कोणाला दिसत नाही, कोणी मागत नाही आणि मोंढ्यात ज्याचा भाव कोणी विचारत नाही, त्या एका कणाचं वजन करण्यात या गृहस्थानं उमेदीची सगळी वर्षं घालवली.

मला जे समजलं ते असं. कणाचं वजन करायचं तर तो आधी हवेत उडला पाहिजे आणि त्याच्यावर विजेचा भार चढला पाहिजे. मग यंत्र त्याला पळवतं. हलका कण लवकर पोचतो, जड मागून येतो, आणि कोण कधी पोचला त्यावरून वजन कळतं. पुष्कळशा वस्तू शहाण्यासारखा भार घेतात. मेण घेत नाही. तापवलं तर उडायच्या आधी जळतं, त्याच्यावर लेझरचा झोत थेट सोडला तर त्याचे तुकडे होतात. म्हणून साडू काय करत? धातूचा अगदी पातळ पत्रा घेत, त्याच्या पुढच्या अंगाला मेण लावत आणि लेझर मारत मागच्या अंगानं. पत्रा थरारला की मेणाचा कण अख्खाच्या अख्खा उडे, आणि तो हवेत असतानाच त्याला भार चढवत. "मागून टिचकी अन् पुढून पाहुणचार," असं ते माझ्या दुकानाच्या काउंटरवर मूठ आपटून सांगायचे. समोर उभं गिऱ्हाईक कपाशीवरच्या मावा-तुडतुड्याचं औषध मागत असायचं, त्याचं काय व्हायचं ते होवो.

राजूरला एका लग्नात नवऱ्या मुलाचे वडील पंगतीत त्यांच्याजवळ आले आणि निव्वळ सौजन्य म्हणून विचारून बसले, "तुमचं काय संशोधन चालू हाये म्हणे?" आता असल्या प्रश्नाला माणसानं "चाललंय आपलं" म्हणावं आणि जिलबी वाढून घ्यावी. साडूंनी वाढलेली पत्रावळ एका हातानं उचलली, दुसऱ्या हाताच्या बोटानं खालून सणसणीत टिचकी मारली, आणि मसालेभात त्या माणसाच्या नव्या कोऱ्या फेट्यावर जाऊन बसला. पंगतीतले लोक उठून बघायला लागले. साडू मात्र फेट्याकडं बोट दाखवून आनंदानं सांगत होते, "बघा, शीत एकपण तुटलं न्हाई!" माझ्या बायकोनं त्या दिवशी मला पहिल्यांदा "तुम्ही बरे" असं म्हटलं.

यंत्र तरी कुठलं? औषधांची एक कंपनी बंद पडली, तिनं भंगारात काढलेलं. ते कॉलेजनं आणून क्रीडासाहित्याच्या खोलीत टाकलं आणि साडूंनी तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून, स्वतः खोलून, जोडून, कुठला लेझर कुठं बसवून चालू केलं. यंत्राच्या पोटातली सगळी हवा काढून टाकावी लागते, त्याला दोन दिवस लागतात, आणि मध्ये लाईट गेली की मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं जगात साडू फक्त एकाच माणसाला घाबरायचे, तो म्हणजे त्यांच्या भागातला लाईनमन. दिवाळीच्या फराळाचा पहिला डबा त्याच्या घरी जायचा, आम्हाला उरलेली शेव. थोरल्या पोरीच्या लग्नात आहेराला आधी मामाला बोलवायचं सोडून त्यांनी लाईनमनला बोलावलं. पोरीचा मामा, म्हणजे आमचा मेव्हणा, अजून त्या गोष्टीवरून फुगलेला आहे.

बरं, हे सगळं यंत्रापुरतं राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पण माणूस घरी आला तरी तोच. "अंदाजे" आणि "साधारण" हे दोन शब्द त्यांच्या घरात शिवीसारखे. मी फोनवर म्हणायचो, "पोचतोच पाच मिनिटांत," तर पलीकडून, "पाच म्हंजे पाच का धा? बराबर सांगा." मी पोचलो की दारातच घड्याळ दाखवायचे. एकदा मी सहज म्हणालो की यंदा आमच्याकडं फार पाऊस झाला, तर मला बाहेर नेऊन विचारलं की तुम्ही मोजला का, कशात मोजला, आणि ते भांडं सपाट बुडाचं होतं का. खोटं तर सोडाच, पण गोलमाल खरंसुद्धा त्यांना चालायचं नाही. वरमायबाईंनी "जेवण कसं झालं?" विचारलं तर हे सांगणार, "वरण बरं होतं, बाकी न्हाई." असा माणूस चारचौघांत न्यायचा म्हणजे जिवाला घोर.

आणि तेल! हाताला तेलाचा अंश असला की तो नमुन्याला लागतो आणि यंत्र मेणाऐवजी तेलच दाखवतं, म्हणून त्यांनी घरात डोक्याला तेल लावायची बंदी केली. शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यापासून रविवारी संध्याकाळपर्यंत सूट. माझी थोरली मेव्हणी मोठ्या केसांची बाई. ती चिडून म्हणायची, "लोकायच्या बायका नवऱ्याला इचारून माहेरी जात्यात. मला डोक्याला तेल लावायला विद्यापीठाची परवानगी लागती." साडू ऐकून घ्यायचे आणि तिच्याच हातचा चहा रुमालात कप धरून प्यायचे. मला तर त्यांनी एकदा भर पंगतीत सांगून टाकलं होतं, "साडूभाऊ, तुम्ही म्हंजे शेंगदाणा तेल. जिथं जाल तिथं लागता, अन् निघता निघत न्हाई." सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? थोरला साडू पडला ना.

तर हे असे साडू नऊ वर्षं डॉक्टरेट करत होते. कॉलेजात त्यांच्यामागून आलेली पोरं डॉक्टर झाली, एकजण प्राचार्य झाला, आणि आमचे साडू आपले मागून टिचकी मारतायत. त्यांचा विषय होता ज्वारीच्या धाटावरचं मेण. रब्बीची ज्वारी पोटऱ्यात आली की धाटावर पांढरट पिठूळ थर येतो, बोट फिरवलं की बोटाला लागतो. ते पीठ नसतं, मेण असतं, आणि त्याच्यामुळं उन्हात धाटातलं पाणी टिकून राहतं. जालना, जाफराबाद, भोकरदन, जिथं ज्वारी दिसेल तिथं उतरून साडूंनी धाटं गोळा केली. शेवटी कोणीतरी त्यांना सांगितलं की बाबा, तुझ्या सासूकडंच जुनं बी आहे. सासूबाईंनी माहेराहून आणलेलं ते बी, दरवर्षी थोडं पेरून, कणसं निवडून, राखेत घालून जपलेलं. मेव्हण्याला त्या ज्वारीचा कंटाळा. त्याला सगळं रान सोयाबीन आणि हरभऱ्याखाली आणायचं होतं. "आईपायी बांधाकडची चार तासं वाया चालली," असं तो ज्वारीच्या त्या चार ओळींकडं बोट दाखवून म्हणायचा, आणि सासूबाई ऐकू न आल्यासारखं करायच्या.

साडू गेले, हातमोजे घालून, चिमट्यात धरून धाटं कापली, कोऱ्या कागदात गुंडाळली. निघताना घरातल्या प्रत्येकाला विचारलं, "कोणी हात लावला का ह्याला?" सगळे म्हणाले, "न्हाई." सासूबाई म्हणाल्या, "न्हाई बा." मग ते एसटीत बसले. चतुर्थी होती, राजूरला गणपतीच्या गर्दीनं गाडीत पाय ठेवायला जागा नाही. कंडक्टर म्हणाला, "काका, ते गाठोडं खाली ठेवा, माणसाला बसू द्या." साडू म्हणाले, "खाली ऑइल सांडलेलं असंल," आणि स्वतः उठून उभे राहिले. राजूरपासून जालन्यापर्यंत साडू दांड्याला लोंबकळत आणि आमच्या सासूची ज्वारी खिडकीशी, असा तो प्रवास झाला.

आणि काय सांगू, त्या ज्वारीत सापडलं! कॉम्प्युटरवर प्रत्येक मेणाची एक उभी रेघ येते. सगळ्या ज्वारींच्या रेघा सारख्या, पण सासूबाईंच्या ज्वारीत एक रेघ जास्तीची, ठसठशीत, प्रत्येक धाटावर. दुसऱ्या कुठल्याच ज्वारीत नाही. कोरा पत्रा तपासला, तिथं नाही. साडूंनी मला सकाळी सहाला फोन केला आणि आधी मी नीट जागा आहे का ते विचारलं. मग म्हणाले, "साडूभाऊ, नवं मेण घावलं." त्या रेघेवर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उभं राहिलं, आणि शीर्षकात चक्क सासूबाईंच्या गावाचं नाव. ते सांगायला ते मुद्दाम गावी गेले. सासूबाईंनी ऐकून घेतलं, पदर सावरला आणि मेव्हण्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "आता बोल." त्या दिवसापासून बांधाकडच्या चार तासांना हात लावायची मेव्हण्याची छाती झाली नाही. गावात कोणी पाणी मागायला आलं तरी सासूबाई आधी जावयाच्या पदवीची गोष्ट सांगायच्या आणि मग तांब्या द्यायच्या.

पुढच्या जानेवारीत साडू पुन्हा धाटं न्यायला आले. प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती, आणि मार्गदर्शक सर त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. साडूंना वाटलं, जाता जाता याही वर्षीच्या धाटांवर रेघ दाखवून टाकू, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. मीच त्यांना माझ्या गाडीतून नेलं. सकाळची वेळ, साडूंनी धाटं कापून ओसरीवर कागदावर मांडली आणि हात धुवायला मागं गेले. मी चहा पीत होतो. सासूबाई, आम्ही जावई त्यांना मामी म्हणतो, नुकत्याच न्हाऊन, कपाळाला मेण लावून त्याच्यावर कुंकू टेकवून बाहेर आल्या. त्या अजून जुन्या पद्धतीनं कुंकू लावतात. बांधावरच्या बाभळीला लागलेल्या मधाच्या पोळ्याचं मेण लहानशा डबीत असतं, ते बोटानं आधी कपाळाला चोपडायचं, मग कुंकू. धाटांजवळ येऊन त्या वाकल्या, दोन्ही हात बुडख्यापासून शेंड्यापर्यंत मायेनं फिरवले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

साडू मागच्या दारात उभे होते. हातातून पाणी गळत होतं.

"मामी, काय करून राह्यलात?"

"कुठं काय? आलाबला घेतली."

"गेल्या वर्षी पण घेतल्ती?"

"घेतल्ती की. लेकरू घरातून भाईर निघालं की घेतेच मी. येवढ्या लांब चाललं ते, कोणाची नजर लागली म्हंजी?"

"मंग मी इचारलं तव्हा तुम्ही हात न्हाई लावला म्हणलात."

"हात कुठं लावला? आलाबला घेतली म्हणते ना!"

यात म्हातारीचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आलाबला घेणं म्हणजे हात लावणं, असं आमच्याकडं कोणीच धरत नाही. नऊ वर्षं तेलाच्या थेंबाला भिऊन बायकोच्या केसांवर पहारा ठेवणाऱ्या या गृहस्थाला सासूच्या मायेवर पहारा ठेवायचं मात्र सुचलं नाही. दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसलो असतो. पण साडूंचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं.

त्यांनी डबीतलं कणभर मेण मागून कागदाच्या पुडीत घेतलं, पुन्हा शेतात जाऊन चार धाटं कापली आणि ती मांडीवर घेऊन गाडीत बसले. जालन्याच्या कॉलेजात पोचेपर्यंत या माणसानं मला एकदाही वेग विचारला नाही, तेव्हाच मला धडकी भरली. यंत्र तयारच होतं. पहिला कोरा पत्रा, त्यावर काही नाही. मग कोणाचा हात न लागलेली धाटं. बाकीच्या रेघा आल्या, ती आली नाही. मग डबीतलं मेण. पडद्यावर ती रेघ उभी राहिली, बरोबर तिच्या जागेवर. साडूंनी पत्रा बदलून पुन्हा मारला, पुन्हा बदलून पुन्हा मारला. तिन्ही वेळा तीच, तिथंच. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि म्हणाले, "मधमाशीचं हाये, साडूभाऊ. ज्वारीचं न्हाई."

आता मी काय म्हणालो ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "कोणाला कळणार हाये? तुम्ही, मी अन् ही चार भिंती. तो परीक्षक केदारखेड्याला येऊन मामीचं कपाळ बघणार हाये का? द्या ठेवून, पदवी घ्या, मंग पुढच्या पुढं काय ते लिहा."

ते म्हणाले, "मला कळलं ना आता."

"अहो, नऊ वर्षं!"

"नऊ वर्षं अन् चार महिने," ते म्हणाले. अशा वेळीसुद्धा! मला इतका राग आला की ते यंत्र उचलून बाहेर फेकावं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही बियाणं इकता. पिशवीवर एक वाण अन् आत दुसरा, असं माहीत झाल्यावर इकाल का?" मी उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं, पण पटकन तोंडातून निघालं नाही, आणि ते मला अजून टोचतं.

त्यांनी वही ओढली आणि त्या दिवसाची नोंद केली. मी मान लांब करून वाचली. नमुना दूषित, असं लिहून पुढं कारण लिहिलं होतं: "हाताळणीत माझी चूक." सासूबाईंचं नाव नाही, आलाबला नाही, काही नाही. प्रकरण काढून टाकलं तेव्हा मार्गदर्शक सरांनी समजावून पाहिलं की राहू दे, खाली एक बारीक टीप टाकू. साडूंनी ऐकलं नाही. उरलेल्या प्रबंधावर सर सही करेनात, कारण त्यात सिद्ध झालेलं असं फार काही उरलंच नव्हतं. महिना संपला, मुदत संपली, सर निवृत्त झाले. आमचे साडू डॉक्टर झाले नाहीत आणि आता होणार नाहीत. मेव्हणीनं मला एकदा सांगितलं की मुदत संपल्यानंतरच्या रविवारी संध्याकाळ झाली तरी तिनं तेल धुतलं नव्हतं आणि ते काहीच बोलले नाहीत. हे सांगताना ती रडली.

पाडव्याला आम्ही सगळे सासुरवाडीला जमलो. साडूंनी यायचं टाळलं असतं तर कोणी काही म्हणालं नसतं, पण ते आले. या माणसाला मी पुरता ओळखत होतो. म्हातारी विचारणार, आणि हे नमुना, पत्रा, मधमाशी, कपाळ, सगळं बराबर सांगणार. मेव्हणा पुढं बसलेला होता, बांधाकडची चार तासं त्याच्या डोळ्यांत दिसत होती. मी साडूंना खुणावलं की बाहेर चला, त्यांनी बघितलंच नाही.

सासूबाई जेवणाआधी येऊन त्यांच्यासमोर बसल्या. गुडघे धरून बसल्या, वय झालंय आता. म्हणाल्या, "जावईबापू, झाली का पदवी? माझ्या ज्वारीचा लागला का काही उपेग?"

सगळे त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. साडूंनी हातातला पेला खाली ठेवला, सरळ केला, परत सरळ केला.

"झाली, मामी," ते म्हणाले. "तुमच्या ज्वारीनंच झाली."

म्हातारीनं तिथल्या तिथं त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि आतून साखरेचा डबा आणला. ओसरीवरच्या सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, मेव्हण्याच्या हातावर जरा जास्तच. मी माझी नुसती मुठीत धरून बसलो. साडूंनी मात्र मान खाली घालून हातावरची साखर खाल्ली आणि उरलेला दाणा न दाणा बोटानं टिपून घेतला.